वर्षाची टोचणी

आमच्या गोव्यात खरे घोडे कमी आणि लाकडाचे जास्त. शिगम्यात सत्तरी-डिचोलीकडे घोडेमोडणी होते, तेव्हा कमरेला लाकडी घोडा बांधून, हातातली तलवार परजत माणसेच घोड्यासारखी नाचतात. एके काळी अरबस्तानातले घोडे याच बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगर-विजापूरकडे जात. त्या घोड्यांच्या जकातीवर इथल्या प्रत्येक राज्यकर्त्याचा डोळा असे. आता समुद्रावरून घोडा येत नाही. तरीही आमच्या वाड्यावर घोड्याचे एक ऋण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला आजचा विषय सुरूच करता येणार नाही.

२०१२ सालची गोष्ट. देवळामागच्या पडक्या घरात एका गावठी कुत्रीने पिल्ले घातली होती. वाड्यावरची सगळी पोरे दिवसभर तिथेच. एका संध्याकाळी शेजारच्या सात वर्षांच्या मुलाला त्यातल्या एका पिल्लाने हाताला कडकडून चावले. दात चांगले आत रुतले होते, रक्त आले. पिल्लू म्हणून कुणी फारसे मनावर घेतले नाही, आजीने हळद लावली. दोन दिवसांनी ते पिल्लू मेले. आम्ही काय केले, तर ते माडाच्या मुळाशी पुरून टाकले. त्याची तपासणी करून घ्यावी हे आम्हा शिकल्या-सवरलेल्यांपैकी एकालाही सुचले नाही. पुढे दोतोरांनी कान उपटले तेव्हा कळले की आम्ही स्वतःच्या हाताने पुरावा गाडला होता. पिल्लाला रेबीज होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही.

मुलाला इस्पितळात नेले. जखम पुन्हा साबणाने धुतली, जखमेत आणि जखमेभोवती एक सीरम टोचले, आणि पुढे ठरलेल्या दिवसांनी लसीचे डोस. सीरम कशाचे, असे त्याच्या आईने विचारले. "घोड्याचे," नर्सबाईने सांगितले. आई गोंधळली. कुत्रा चावला आणि औषध घोड्याचे? मुलगा वाचला, आज कॉलेज करून नोकरीलाही लागला आहे. पण ते पंधरा-वीस दिवस त्या घरात कुणी धड जेवले नव्हते, आणि आमच्या घरातही.

त्याच रात्री मी आमच्या मोतीचे लसींचे कार्ड काढून पाहिले. एकही चौकोन रिकामा नव्हता. दरवर्षी न चुकता रेबीज, दरवर्षी न चुकता नाइन-इन-वन, प्रत्येक ठिकाणी स्टिकर आणि सही. मोती अंगणाच्या फाटकाबाहेर दोरीशिवाय कधी गेला नाही. आणि फाटकाबाहेर जी दहा-बारा कुत्री दिवसरात्र पोरांत मिसळून असायची, त्यांच्यापैकी एकालाही आयुष्यात सुई लागलेली नव्हती. जनावराला लस किती दिवसांनी द्यायची, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून छळतो आहे. वाचकहो, हा प्रश्न वाटतो तेवढा दवाखान्यातला नाही.

आधी त्या घोड्याकडे वळू. सीरमासाठी पाळलेल्या घोड्याला रेबीजची लस पुन्हा पुन्हा टोचली जाते. त्याला रोग होऊ नये हा हेतू तिथे नसतो. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर तयार व्हावीत आणि ती काढून माणसाला देता यावीत, हा हेतू असतो. हाफकिन संस्थेचे नाव आपल्याकडे सर्पदंशावरच्या औषधासाठी घरोघर माहीत आहे, तेही असेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाचे अगदी थोडे थोडे, वाढत जाणारे डोस घोड्याला देतात आणि मग त्याच्या रक्तद्रवातून औषध बनवतात. म्हणजे इथे 'जास्त वेळा' देण्यालाच अर्थ आहे. स्वतःच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक सुया सोसणारे हे मुके जनावर आपल्या इस्पितळांच्या फ्रिजमध्ये कुपीत बसून असते. आपण कृतज्ञतेने बैलाची पूजा करतो, गाईची करतो. या घोड्याची कुणी करत नाही.

पण जो घोडा शर्यतीचा, लग्नाच्या वरातीचा किंवा माथेरानच्या लाल मातीतला, त्याचे काय? त्याला किती वेळा? इथे उत्तर रोगागणिक बदलते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि घोडा हा धनुर्वाताला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्या जनावरांपैकी एक. खुरात खिळा गेला की पुरे. त्यावरची लस उत्तम आहे. तरी अमेरिकेतले घोड्यांचे डॉक्टर दरवर्षी द्या म्हणतात, आणि युरोपात दोन वर्षांनी दिली तरी चालते. घोडा तोच, जंतू तोच. फरक आहे तो कुणी किती सावधपणे हिशेब मांडला याचा. शिवाय धनुर्वात एका घोड्याकडून दुसऱ्याला जात नाही, त्यामुळे शेजारच्या तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना लस दिलेली असली तरी तुमच्या घोड्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

घोड्यांचा फ्लू याच्या अगदी उलट. एक घोडा खोकला की तबेला खोकतो. त्यावरच्या लसीचा जोर लवकर ओसरतो आणि विषाणूही रूप बदलत राहतो. म्हणून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचा नियम असा, की स्पर्धेला येणाऱ्या घोड्याला मागची लस सहा महिने आणि एकवीस दिवसांच्या आत मिळालेली असली पाहिजे. हे एकवीस दिवस मला फार आवडले. नियम करणाऱ्याला घोडेवाल्यांच्या अडचणी ठाऊक होत्या असे त्यावरून वाटते! आपल्याकडे जून २००८ मध्ये वैष्णोदेवीच्या वाटेवर, कटऱ्याला, खेचरे-घोड्यांत हा फ्लू उद्भवला आणि पुढे अनेक राज्यांत पसरला. यात्रेकरूंना पाठीवर घेऊन रोज डोंगर चढणारी ती जनावरे आठवा. त्यांचा मालक जनावर आजारी पडले की त्या दिवसापुरता उपाशी. त्याला 'किती वेळा' हा प्रश्न विचारायची सोयच नसते. 'एकदा तरी कोण देईल' हा त्याचा प्रश्न.

आता कुत्र्यांकडे येतो, कारण गोव्यात खरी गल्लत इथे आहे.

कुत्र्याला सगळ्या लसी दरवर्षी, ही रीत कुठून आली? आपल्याला वाटते की लस बरोबर बारा महिन्यांनी संपते, मोबाइलच्या रिचार्जसारखी. तसे नाही. जुन्या काळी लस बाजारात आणताना ती एक वर्ष टिकते एवढे दाखवले की काम भागत असे. त्यापुढे किती टिकते हे पाहायला आणखी वर्षे कुत्री पाळायला हवीत, खर्च करायला हवा, आणि त्या उत्तरात विकणाऱ्याला फार रस असण्याचे कारण नव्हते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले रोनाल्ड शुल्त्झ यांनी सत्तरच्या दशकापासून हा प्रश्न लावून धरला. डिस्टेंपर आणि पार्वो या दोन जीवघेण्या रोगांवरची लस नीट लागली, तर ती सात वर्षे आणि त्याहूनही अधिक टिकते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. २००३ साली अमेरिकेतल्या प्राणी-रुग्णालयांच्या संघटनेने या लसी मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांनी द्या असे सांगितले. २००७ पासून जागतिक पशुवैद्यक संघटनाही तेच सांगत आली आहे: तीन वर्षांच्या आत पुन्हा देऊ नका. आमच्या मोतीच्या कार्डावर या गोष्टीचा मागमूस नव्हता. त्याच्या डॉक्टरांना दोष देत नाही. कार्डच तसे छापून येते, वर्षाला एक चौकोन.

हे वाचून कुणी आनंदाने कार्ड फाडायच्या आधी दोन गोष्टी ऐकून घ्या.

पहिली पिल्लांची. पिल्लाला तीन-चार डोस लागोपाठ देतात ते प्रत्येक डोसाने शक्ती वाढते म्हणून नव्हे. आईच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिपिंडे मिळतात, तीच लसीला आत येऊ देत नाहीत. चांगला राखणदार जसा घरच्या पाहुण्यालाही वाटेत अडवतो, तसे. ही आईची राखण कुठल्या पिल्लात आठव्या आठवड्यात संपते, कुठल्यात चौदाव्या. बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा दार ठोठावायचे, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचे झाल्यावर किंवा त्यानंतर द्यायचा. त्यातला एकच डोस खरा लागू पडतो, पण तो कोणता ते कळत नाही. आमच्याकडे लोक नेमका हाच शेवटचा डोस चुकवतात ("दोन झाले की, पुरे"), आणि पुढे दहा वर्षे इमाने-इतबारे वार्षिक डोस देत राहतात. म्हणजे पाया घालायचा नाही आणि दरवर्षी रंग काढायचा.

दुसरी गोष्ट लेप्टोची. गोव्याच्या पावसाळ्यात लेप्टोस्पायरा म्हणजे काय, हे शेतात उतरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. उंदराच्या मुतातून पाण्यात, आणि पाण्यातून पायाच्या चिरेतून आत. कुत्र्यालाही तो होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही येऊ शकतो. त्यावरची लस वर्षभराहून जास्त टिकते यावर विसंबता येत नाही. तेव्हा आमच्याकडे ती दरवर्षीच हवी, आणि मृगाच्या आधी हवी. तीन वर्षांचा नियम कोरड्या हवेतल्या पुस्तकात वाचून इथल्या चिखलात लावता येत नाही. नाइन-इन-वनमध्ये सगळे एकाच कुपीत असते ही अडचण आहेच. लेप्टोची वेगळी लस मिळते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

आणि रेबीज? काही देशांत एका वर्षाच्या बूस्टरनंतर तीन वर्षांनी देण्याला मान्यता आहे. लसही तेवढी टिकते. तरी मी मोतीला दरवर्षीच देत आलो. ज्या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही, त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नये असे माझे मत आहे. चावा घेतल्यावर शेजारी पहिल्यांदा कार्ड मागतो. त्यावरची तारीख जुनी असेल तर त्याला विज्ञान समजावत बसणार आहात काय?

गुरांची कथा निराळी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी द्यावी लागते. घटसर्पाची वर्षातून एकदा, पावसाआधी. ब्रुसेलोसिसची फक्त चार ते आठ महिन्यांच्या पाडीला, आणि तीही आयुष्यात एकदाच. एकाच गोठ्यात, एकाच गाईला तीन वेगळी पंचांगे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून कानात बिल्ला आणि सहामाही सुई हे गोठ्यांत परिचयाचे झाले आहे. परिचयाचे झाले, आवडते नव्हे. आमच्या वाड्यावरचे गाईवाले काका लस टोचणारे आले की मागच्या दाराने गाय बागायतीत सोडतात. "आमचे गायेक कितेंच जावंक ना. इंजेक्शन कित्याक? दूद उणें जाता." यावर 'अडाणी' म्हणून हसणारे आमच्याकडे खूप आहेत. पण काका खोटे बोलत नाहीत. लसीनंतर एक-दोन दिवस दूध थोडे कमी होऊ शकते. ज्याचा दिवस त्या दुधावर उगवतो त्याला हे आधीच सांगितले, आणि खुरकूत झाला तर दूध किती दिवस जाते तेही सांगितले, तर तो गाय सोडणार नाही. आमच्याकडे सुई येते, बोलणे येत नाही.

आणखी एक गोष्ट कार्डावर कधीच दिसत नाही: बर्फ. या लसी दोन ते आठ अंशांत राहायला हव्यात. वीज गेलेली, पेटीतला बर्फ वितळलेला, दुपारचे दोन वाजलेले, आणि शेवटचा वाडा अजून दोन किलोमीटर. तिथल्या गाईला मिळाले ते लस की नुसते पाणी? तारीख मात्र वहीत बरोबर पडते. सहा महिन्यांनी की आठ, यावर वाद घालण्याआधी ती पेटी उघडून पाहिलेली बरी.

बुळकांडी आठवते का कुणाला? आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेला शब्द. गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. वॉल्टर प्लाउराइट यांनी साठच्या दशकात त्यावर जी लस बनवली, तिचा एक डोस जनावराला आयुष्यभर पुरत असे. 'किती वेळा' याचे इतके सोपे उत्तर क्वचितच मिळते. तरीही भारतात १९५४ पासून मोहीम चालूनही हा रोग पुढची चाळीस वर्षे कुठे ना कुठे उरलाच. त्याच त्याच सोप्या जागी, रस्त्यालगतच्या गोठ्यांत, तीच तीच जनावरे पुन्हा टोचली जात, आणि दूरच्या पाड्यांवर, भटक्या कळपांत रोग जपला जाई. शेवटी तो शोधून शोधून संपवला. देशातला अखेरचा उद्रेक १९९५ चा. आणि मग काय करावे लागले? लस बंद करावी लागली. लस दिलेल्या गाईच्या रक्तात प्रतिपिंडे असतात, आणि रोग होऊन गेलेल्या गाईच्याही. रोग खरोखर गेला की लसीखाली झाकला आहे, हे लस चालू असताना कळत नाही. ज्या खात्याने चार दशके टोचले, त्याने हात मागे घेऊन डोळे उघडे ठेवून वाट पाहिली. २०११ साली जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. देवी रोगानंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसरा रोग. सुई थांबवायलाही, ती टोचायला लागते त्याहून जास्त धैर्य लागते असे मला वाटते.

पुन्हा आमच्या वाड्यावर येऊ. गावात शंभर कुत्री आहेत समजा, आणि तुम्ही त्यातल्या सत्तरांना रेबीजची लस दिली. रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य थोडे. वर्षात तीस मेली आणि तीस नवी जन्मली असे धरा. पुढच्या वर्षी लस दिलेली उरली एकोणपन्नास. त्याच्या पुढच्या वर्षी चौतीस. लस तीन वर्षे टिकणारी असली तरी गाव तीन वर्षे टिकत नाही! म्हणून मोतीला तीन वर्षांनी दिली तरी एक वेळ चालेल, पण गावाला दरवर्षीच द्यायला हवी. ती लस त्या सत्तरांसाठी नसते. मधल्या काळात जन्मलेल्या तिसांसाठी असते. २०१२ साली आमच्या मुलाला चावलेले पिल्लू त्याच तिसांतले होते, फरक एवढाच की तेव्हा आमच्या वाड्यावर सत्तरही नव्हते.

हे गोव्यात होऊ शकते, हे दिसलेही आहे. मिशन रेबीज आणि गोवा सरकार यांच्या कामाचा २०१३ ते २०१९ चा अहवाल 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला पंचाण्णव हजारांहून अधिक कुत्र्यांना लस, सत्तर टक्क्यांची मजल, दीड लाख मुलांपर्यंत शिक्षण, कुत्र्यांमधल्या रेबीजमध्ये ९२ टक्के घट, आणि माणसांमधला रेबीज थांबलेला. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. जाळी घेऊन गल्लीबोळांत धावणारी ती मुले मी पाहिली आहेत. लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करत आणि फोनवर नोंदवत पुढे जात. आमच्या वाड्यावर तेव्हा काहींनी कुरकुर केली की कुत्र्यांना रंग फासतात. शिगम्यात स्वतः गुलालाने माखणारी माणसे!

मात्र 'नियंत्रित' म्हणजे 'संपला' नव्हे. शेजारच्या राज्यातून येणाऱ्या कुत्र्याला पत्रादेवीचे आणि पोळेचे नाके कळत नाही. बुळकांडीसारखा हात मागे घेण्याचा दिवस आमच्या कुत्र्यांच्या बाबतीत अजून आलेला नाही, आणि तो यायच्या आधीच आपला उत्साह संपेल ही माझी भीती आहे.

मोती २०१९ मध्ये म्हातारपणाने गेला. आता घरात दुसरा आहे, काळ्या तोंडाचा, आगाऊ. त्याचा सोळा आठवड्यांचा डोस मी चुकवला नाही. दोतोरांशी बसून त्याच्या कार्डावर नवे गणित मांडले: डिस्टेंपर-पार्वो तीन वर्षांनी, लेप्टो आणि रेबीज दरवर्षी मे महिन्यात. तपासायला मात्र दरवर्षी न्यायचेच, सुई असो वा नसो, असे दोतोरांनी बजावले आणि मला ते पटले. वाचलेल्या डोसाचे पैसे एका डब्यात टाकतो. देवळामागे परवा एका कुत्रीने पुन्हा पिल्ले घातली आहेत, पाच. वाड्यावरची पोरे सकाळपासून तिथेच आहेत. सोमवारी दोतोर येणार आहेत, आणि गाईवाल्या काकांनी पिल्ले धरून द्यायचे कबूल केले आहे.